अनेक दस्तऐवज, एक फाइल : ब्राउझरमधील जोडणीचे तंत्र आणि अर्थकारण

शासकीय सेवा, शिष्यवृत्ती, उच्च शिक्षणातील प्रवेश, स्वयंरोजगारासाठीचे कर्ज यांपैकी कोणत्याही प्रयोजनासाठीचा अर्ज आता बहुतांशी ऑनलाइन पद्धतीने स्वीकारला जातो. अशा अर्जाच्या सूचनापत्रकात ‘सर्व प्रमाणपत्रे क्रमाने जोडून त्यांची एकच पीडीएफ फाइल सादर करावी’ अशा आशयाचे एक वाक्य पुष्कळदा असते. वाचताना ते अगदी किरकोळ वाटते. परंतु जन्मतारखेचा पुरावा, गुणपत्रके, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र अशा सात-आठ स्वतंत्र फाइलींची एक फाइल करण्याचे काम अर्जदाराचे असते, ते बहुधा अखेरच्या दिवशी करावयाचे असते, आणि कोणत्या साधनाने करावे याबाबत सूचनापत्रक मौन बाळगते. अर्जदार मग शोधयंत्रावर प्रथम सापडेल त्या मोफत संकेतस्थळाचा आधार घेतो आणि आपली संपूर्ण ओळख एका अपरिचित सर्व्हरच्या हवाली करतो.

ही जोडणी ब्राउझरमध्ये नेमकी कशी घडते, तिच्यामुळे दस्तऐवजाच्या कायदेशीर स्वरूपात काय फरक पडतो आणि तिचा खर्च कोण उचलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ई-प्रशासन, सायबर सुरक्षा, वैयक्तिक माहितीचे संरक्षण आणि बाजाराचे अर्थशास्त्र हे घटक विद्यार्थी एरवी स्वतंत्रपणे वाचतात. येथे ते एकाच लहान उदाहरणात एकत्र भेटतात.

खासगी स्वरूपापासून खुल्या मानकापर्यंत

अडोबी या अमेरिकी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ या नावाने एक प्रकल्प मांडला. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मुद्रकावर दस्तऐवज अगदी सारखाच दिसावा, हा त्याचा हेतू होता. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ हे स्वरूप बाजारात आले. प्रारंभी पीडीएफ वाचण्यासाठीचा प्रोग्रामही विकत घ्यावा लागत असे. लवकरच कंपनीने वाचणाऱ्यांसाठी तो मोफत केला आणि पीडीएफ तयार करणाऱ्यांकडून मात्र किंमत घेणे चालू ठेवले. वाचकांची संख्या वाढली की लेखकांना ते स्वरूप अधिक उपयोगी वाटते आणि लेखक वाढले की वाचक वाढतात. अशा ‘द्विपक्षीय बाजारा’चे पद्धतशीर विवेचन जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ मधील आपल्या निबंधात केले. बाजारसत्ता व नियमन यांवरील कार्यासाठी तिरोल यांना २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एका बाजूस शून्य किंमत आणि दुसऱ्या बाजूस वसुली ही रचना विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. मोफत संकेतस्थळांचा विचार करताना तीच पुन्हा उपयोगी पडते.

जुलै २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पीडीएफला आयएसओ ३२०००-१ हे मानक म्हणून स्वीकारले. त्यापूर्वीच, २००५ मध्ये, दीर्घकालीन जतनासाठीचा पीडीएफ-ए हा उपप्रकार आयएसओ १९००५-१ म्हणून मान्य झाला होता. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. शासनाची माहिती कोणा एका कंपनीच्या स्वरूपात अडकून पडू नये, मानकासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, ही त्यामागील भूमिका. मानक खुले झाल्यामुळे कोणालाही पीडीएफ वाचणारा वा जोडणारा प्रोग्राम लिहिता येऊ लागला. क्रोम ब्राउझरमध्ये २०१० पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ वाचण्याची सोय अंगभूत आहे. वेगळे सॉफ्टवेअर विकत न घेता ब्राउझरमध्येच फाइली जोडता येतात, हे या धोरणात्मक बदलाचे फळ आहे.

जोडणी म्हणजे नेमके काय

पानामागे पान चिकटवावे तशी दोन पीडीएफ फाइलींची जोडणी होत असावी, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः एका फाइलच्या शेवटी दुसरी फाइल नुसती ठेवल्यास जोडणी होत नाही. याचे कारण पीडीएफच्या रचनेत आहे.

साध्या पीडीएफ फाइलचे चार भाग असतात. आरंभी स्वरूपाची आवृत्ती सांगणारी एक ओळ असते. त्यानंतर मुख्य भागात क्रमांक दिलेले घटक असतात : पान हा एक घटक, त्यावरील मजकूर दुसरा, अक्षरवळण तिसरा, छायाचित्र चौथा. मग प्रत्येक घटक फाइलच्या आरंभापासून कितव्या बाइटवर आहे हे सांगणारी सूची येते. अखेरीस, सूची कोठे आहे आणि वाचन कोठून सुरू करावे हे सांगणारी छोटी नोंद असते. वाचणारा प्रोग्राम पीडीएफ शेवटाकडून उघडतो. आधी ती अंतिम नोंद, मग सूची, मग पानांचा वृक्ष आणि त्यानंतर पाने असा त्याचा क्रम असतो. ग्रंथालयात आपण थेट कपाटाकडे न जाता प्रथम तालिका पाहतो, तसेच हे आहे.

आता समजा, पहिल्या फाइलमध्ये १२ घटक आहेत आणि दुसरीमध्ये ९. दोन्हींत ३ क्रमांकाचा घटक आहे, पण पहिलीत ते गुणपत्रकाचे पान आहे आणि दुसरीत उत्पन्नाच्या दाखल्याचे. जोडणारा प्रोग्राम दुसऱ्या फाइलमधील प्रत्येक क्रमांकात १२ मिळवतो. म्हणून ३ चा १५ होतो आणि ९ चा २१. त्या घटकांचा उल्लेख जेथे जेथे असेल तेथेही हा बदल करावा लागतो. त्यानंतर दोन्ही पानवृक्षांचा मिळून एक वृक्ष तयार होतो आणि बाइटची सूची नव्याने लिहिली जाते. प्रत्यक्षातील फाइली यापेक्षा गुंतागुंतीच्या असतात. नव्या आवृत्त्यांत सूचीही संकोचित स्वरूपात असते. तत्त्व मात्र हेच.

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. अशा जोडणीत मजकूर व छायाचित्रे जशीच्या तशी उचलली जातात, म्हणून गुणवत्ता घटत नाही आणि नव्या फाइलचा आकार साधारणपणे मूळ फाइलींच्या बेरजेइतका राहतो. ‘जोडणी केली की फाइल लहान होते’ ही अपेक्षा त्यामुळे चुकीची ठरते. दुसरे असे की तयार होणारी फाइल ही बाइटच्या पातळीवर पूर्णतः नवी असते. या दुसऱ्या निष्कर्षाचे कायदेशीर परिणाम मोठे आहेत, ते पुढे पाहू.

फाइल कोठे जाते ?

ब्राउझरमधून जोडणी करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि पडद्यावर त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. पहिल्या पद्धतीत निवडलेल्या फाइली इंटरनेटवरून संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे जातात, तेथे जोडल्या जातात आणि परिणामी फाइल परत येते. दुसऱ्या पद्धतीत संकेतस्थळावरून फक्त प्रोग्राम आपल्या संगणकात येतो. फाइली ब्राउझरच्या स्मृतीत वाचल्या जातात, तेथेच जोडल्या जातात आणि तेथूनच जतन होतात. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा पूर्वी अशा कामासाठी मंद समजली जात असे. तिचा वेग गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबअसेम्ब्ली या तंत्राला वेब संघाची अधिकृत मान्यता मिळाल्यावर मोठी कामेही ब्राउझरमध्ये करणे सुकर झाले. संकेतस्थळाला आपल्या संगणकातील फाइली मनास येईल तशा वाचता येत नाहीत. वापरकर्त्याने निवडून दिलेल्याच फाइली त्याला मिळतात, ही ब्राउझरची अंगभूत मर्यादा येथे संरक्षक ठरते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे वस्तूंचे एक वर्गीकरण आठवावे. काही वस्तूंची गुणवत्ता खरेदीपूर्वी पाहून कळते, तर काहींची वापरल्यावर कळते. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा वर्ग जोडला : वापरल्यानंतरही जिची गुणवत्ता ग्राहकाला सामान्यतः पडताळता येत नाही, अशी विश्वासाधारित वस्तू. डॉक्टरांनी सुचविलेली शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होती का, हे रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरही सांगता येत नाही. सर्व्हरवर चालणारी मोफत जोडणी या तिसऱ्या वर्गात मोडते. फाइल व्यवस्थित जोडली गेली हे आपल्याला दिसते. ‘आपल्या फाइली काही वेळाने नष्ट केल्या जातील’ हे आश्वासन पाळले गेले का, हे मात्र कधीच दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराच्या आधारे १९७० मध्ये विशद केलेली माहितीची असममितता ती हीच. प्रामाणिक सेवा आणि अप्रामाणिक सेवा ग्राहकाला सारख्याच दिसतात, त्यामुळे प्रामाणिकपणाचा खर्च करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही.

ब्राउझरमधील स्थानिक जोडणीचे महत्त्व असे की ती या विश्वासाधारित सेवेला काही अंशी पडताळणीयोग्य बनवते. संकेतस्थळ पूर्ण उघडल्यावर इंटरनेटची जोडणी बंद करावी आणि मग फाइली निवडून जोडाव्यात. काम तरीही झाले, तर जोडणी आपल्या संगणकातच झाली. काम अडले, तर फाइली सर्व्हरकडे जाणार होत्या. ही कसोटी परिपूर्ण नाही. इंटरनेट पुन्हा सुरू झाल्यावर उघडे राहिलेले पान काहीही पाठवू शकते. म्हणून हे काम ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावे, फाइल जतन झाल्यावर सर्व खासगी खिडक्या बंद कराव्यात आणि त्यानंतरच इंटरनेट सुरू करावे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये मोफत फाइल-रूपांतर करणाऱ्या संकेतस्थळांबाबत जाहीर इशारा दिला होता. अशी काही स्थळे काम चोख करून देतात आणि परत दिलेल्या फाइलसोबत घातक प्रोग्रामही पाठवतात, किंवा सादर केलेल्या दस्तऐवजांतून ओळखक्रमांक व बँकेचे तपशील टिपून घेतात, असे त्यात म्हटले होते. जोडणी करणारे संकेतस्थळ पीडीएफऐवजी एखादा प्रोग्राम उतरवून घेण्यास सांगू लागले, तर तेथेच थांबावे.

या सर्व सूचना स्वतःचा संगणक असलेल्यास लागू पडतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील ४.४ टक्के आणि नागरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. इंटरनेटची सुविधा असलेल्या कुटुंबांचे प्रमाण अनुक्रमे १४.९ आणि ४२.० टक्के होते. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला, तरी संगणकाची उणीव बव्हंशी सामाईक सेवा केंद्रे आणि गावोगावचे सायबर कॅफे भरून काढतात. तेथे धोका दूरच्या सर्व्हरपेक्षा समोरच्या यंत्रात अधिक असतो. जोडलेली फाइल आणि तिचे सर्व सुटे भाग ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये राहून जातात आणि पुढच्या ग्राहकास दिसतात. ते पुसणे, कचरापेटी रिकामी करणे आणि ई-मेलमधून बाहेर पडणे ही कामे अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्यावीत. आधारची प्रत आवश्यकच असेल आणि संबंधित कार्यालयास चालत असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी आच्छादित प्रत द्यावी.

आकाराचे गणित

अर्ज नाकारला जाण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे फाइलचा आकार. त्यामागील गणित सोपे आहे. ए-४ कागद ८.२७ इंच रुंद व ११.६९ इंच उंच असतो. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात तो स्कॅन केल्यास सुमारे २,४८० गुणिले ३,५०८ म्हणजे अंदाजे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत प्रतिमेत प्रत्येक बिंदूस ३ बाइट लागतात, म्हणजे संकोचनापूर्वी एका पानास सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट. तेच पान दर इंचास १५० बिंदूंनी स्कॅन केले तर बिंदू निम्मे न होता एक चतुर्थांश होतात, कारण घट लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी होते. करड्या छटांत स्कॅन केल्यास आणखी एक तृतीयांश. दोन्ही उपाय मिळून संकोचनापूर्वीचा आकार मूळच्या एक द्वादशांशावर, म्हणजे सुमारे २२ लाख बाइटवर येतो. प्रत्यक्ष फाइल संकोचनामुळे याहून लहान असते. छापील अक्षरे वाचण्यास १५० बिंदू सामान्यतः पुरतात. जुन्या, फिकट झालेल्या, हस्तलिखित दाखल्यांना ते पुरत नाहीत. आकार आटोक्यात ठेवायचा तो स्कॅन करताना, जोडणीपूर्वी. एकत्रित फाइल नंतर दाबून लहान केल्यास फिकट शिक्के प्रथम नाहीसे होतात.

निवड समित्यांवर काम करताना अशा शेकडो फाइली पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला आहे. पाने आडवी वा उलटी असणे, एकच गुणपत्रक दोनदा येणे, आणि चौदाव्या पानावर दुसऱ्याच कोणाचे तरी वीजबिल असणे यांत आता नवल वाटत नाही. जोडणीपूर्वी फाइलींना ०१, ०२, ०३ अशी क्रमदर्शक नावे द्यावीत, कारण नुसते १, २, १० असे आकडे दिल्यास अनेक प्रोग्राम १० ला २ च्या आधी ठेवतात. जोडणीनंतर फाइल ब्राउझरमध्ये उघडून प्रत्येक पान पाहावे आणि पानांची संख्या ताडून घ्यावी.

मराठी, हिंदी व अन्य भारतीय भाषांतील दस्तऐवजांची एक वेगळी अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातील अक्षरवळणांत तयार झालेली पाने डोळ्यांना व्यवस्थित दिसतात, पण त्यांतील शब्द शोधता येत नाहीत, आणि नक्कल केल्यास निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. जोडणीने हा दोष दूर होत नाही, कारण घटक जसेच्या तसे उचलले जातात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित ठेवणे अपेक्षित आहे. शोधता न येणारी हजार पानांची एकच फाइल प्रसिद्ध करणे हे त्या कलमाच्या शब्दांत बसेल, हेतूत बसणार नाही.

स्वाक्षरीचे काय होते ?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास आणि कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने ‘डिजिटल स्वाक्षरी’बरोबरच ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संकल्पना आणली. मृत्युपत्र व न्यास यांसारखे काही दस्तऐवज मात्र पहिल्या अनुसूचीद्वारे या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

डिजिटल स्वाक्षरीचे तंत्र असे. फाइलमधील सर्व बाइटवर गणिती प्रक्रिया करून एक ठराविक लांबीचा सारांश काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी सारांश पूर्णतः बदलतो. हा सारांश स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने सांकेतिक केला की स्वाक्षरी तयार होते, आणि तिची पडताळणी सार्वजनिक किल्लीने कोणीही करू शकतो. स्वाक्षरीने फाइलचा नेमका कोणता बाइटपट्टा व्यापला आहे, याची नोंद पीडीएफमध्येच असते.

आता जोडणीकडे परत वळू. घटकांचे क्रमांक बदलले, सूची नव्याने लिहिली गेली, म्हणजे बाइट बदलले. साहजिकच मूळ स्वाक्षरी अवैध ठरते किंवा जोडणारा प्रोग्राम ती काढूनच टाकतो. पानावर ‘स्वाक्षरी वैध’ असे हिरवे चिन्ह छापलेले दिसले तरी ते आता केवळ चित्र असते. परवलीचा शब्द असलेल्या फाइलींबाबत हे अधिकच प्रकर्षाने घडते. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली ई-आधारची फाइल परवलीच्या शब्दाने बंद असते आणि जोडणारे प्रोग्राम तशी फाइल बहुधा नाकारतात. अर्जदार मग ती उघडून ‘मुद्रित करा’ या आज्ञेतून पुन्हा पीडीएफ म्हणून जतन करतो. कुलूप गेले, आणि त्याबरोबर स्वाक्षरीही गेली.

डिजिलॉकरची सेवा जुलै २०१५ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झाली. त्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन, डिजिलॉकरमार्फत निर्गमित दस्तऐवज मूळ कागदपत्राच्या तोडीचे मानले गेले. हा दर्जा निर्गमित दस्तऐवजाचा आहे. त्याची पाने दुसऱ्या फाइलीत मिसळून तयार केलेल्या प्रतीला तो आपोआप लाभत नाही. म्हणून स्वाक्षरी असलेली प्रत्येक फाइल मूळ स्वरूपात वेगळी जपून ठेवावी आणि एकत्रित फाइल ही केवळ वाचनाच्या सोयीसाठीची प्रत मानावी. पीडीएफमध्ये एक संपूर्ण फाइल जोडपत्र म्हणून जशीच्या तशी ठेवण्याचीही सोय आहे. तीत बाइट बदलत नाहीत आणि जोडपत्र बाहेर काढल्यावर स्वाक्षरी पडताळता येते. आपल्याकडील अर्जप्रणालींनी या सोयीची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

अधिनियमाचे कलम ७ येथे मुद्दाम वाचावे. अभिलेख जतन करताना तो ज्या स्वरूपात निर्माण झाला त्या स्वरूपात, अथवा मूळ माहिती अचूक दर्शविते असे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात ठेवावा आणि त्याचा उगम, गंतव्य, तारीख व वेळ यांचे तपशील उपलब्ध असावेत, अशा अटी ते घालते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक अभिलेख सादर करताना लागणाऱ्या प्रमाणपत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या, जालना मतदारसंघातील निवडणुकीतून उद्भवलेल्या, प्रकरणात बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच व्यवस्था पुढे आली असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात अभिलेखाचा गणिती सारांश नमूद करावा लागतो. जोडलेल्या फाइलचा सारांश मूळ फाइलींच्या सारांशाशी कधीच जुळणार नाही, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही.

खर्च कोणाचा, बचत कोणाची

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका पदभरतीस १ लाख अर्ज आले. प्रत्येक अर्जदारास जोडणीसाठी सरासरी २० मिनिटे लागली. एकूण वेळ झाला २० लाख मिनिटे, म्हणजे सुमारे ३३,३३३ तास. छाननी अधिकाऱ्यास सहा फाइलींऐवजी एकच उघडावी लागल्याने प्रत्येक अर्जामागे २ मिनिटे वाचली, असे उदारपणे धरले तरी बचत सुमारे ३,३३३ तासांची. समाजाने दहा तास खर्चून एक तास वाचवला. कार्यालयाच्या हिशोबात मात्र बचतच दिसते, कारण अर्जदाराचा वेळ, सायबर कॅफेचे शुल्क आणि वैयक्तिक माहिती फुटण्याची जोखीम कोणत्याच लेखाशीर्षाखाली नोंदली जात नाही. यास बाह्यखर्च म्हणावे की प्रशासकीय भार, हा परिभाषेचा प्रश्न आहे. हा भार सर्वांवर समान पडत नाही, हे मात्र निश्चित. ज्याच्याकडे संगणक आहे त्याची वीस मिनिटे जातात. ज्याच्याकडे नाही त्याचा दिवसाचा रोज बुडतो.

यावर ‘अर्जदारास संगणक साक्षर करा’ असा उपाय सुचविला जातो. तो अपुरा आहे. जोडणी हे यांत्रिक काम आहे हे आपण वर पाहिले. अर्जदाराने सहा फाइली सहा रकान्यांत स्वतंत्रपणे सादर कराव्यात आणि छाननीसाठीची एकत्रित प्रत प्रणालीनेच तयार करावी, मूळ स्वाक्षरित फाइली शेजारी सुरक्षित ठेवून. असा प्रोग्राम एकदा लिहिला की पुढील प्रत्येक अर्जासाठीचा सीमांत खर्च नगण्य असतो. जे काम एकदा करून भागते, ते लाख लोकांकडून लाख वेळा करून घेण्याचे समर्थन अर्थशास्त्रात सापडत नाही. देशात ‘एक खिडकी’ची कल्पना मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या ‘ज्ञानदूत’पासून केरळच्या ‘अक्षय’पर्यंत अनेक प्रयोगांतून रुजली आणि २००६ च्या राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेने तिला देशव्यापी रूप दिले. खिडकी एक झाली. पण खिडकीमागील विभाग एकमेकांशी बोलत नसल्याने त्यांच्यातील निरोप्याचे काम अर्जदाराकडेच राहिले. त्याची एकत्रित फाइल म्हणजे तहसील कार्यालयाने शिक्षण मंडळाच्या साक्षीने भरती मंडळाला पाठवलेला निरोपच होय.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या प्रश्नाला नवे परिमाण मिळाले आहे. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, त्यातून हा कायदा आला. भारतातील व्यक्तींना सेवा देणाऱ्या परदेशस्थ संस्थांनाही तो लागू होतो, प्रयोजन संपल्यावर माहिती नष्ट करण्याचे दायित्व घालतो, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख दायित्वांसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. मोफत जोडणी करून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळाविरुद्ध ही तरतूद कितपत वापरता येईल, हे अंमलबजावणीवर अवलंबून राहील. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक कागदपत्रे मागणाऱ्या आपल्याच कार्यालयांना ‘निर्दिष्ट प्रयोजनासाठी आवश्यक तेवढीच माहिती’ या तत्त्वाचा विचार करावा लागेल.

दीर्घकालीन उत्तर दस्तऐवजाच्या प्रतिमेऐवजी मूळ नोंदच, नागरिकाच्या संमतीने, एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाण्यात आहे. वित्तीय क्षेत्रात ही दिशा दिसू लागली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ मधील निर्देशांनुसार आकारास आलेली खाते समूहक व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली आणि बँक खात्याच्या छापील उताऱ्यांऐवजी संमतीवर आधारित नोंदींची देवाणघेवाण शक्य झाली. शैक्षणिक व महसुली दाखल्यांसाठी तशी व्यवस्था सर्वत्र रुळेपर्यंत सूचनापत्रकांत निदान तीन ओळी वाढवणे कोणत्याही भरती मंडळास शक्य आहे : स्कॅनिंग दर इंचास किती बिंदूंनी करावे, डिजिटल स्वाक्षरी असलेली फाइल स्वतंत्रपणे कोठे सादर करावी, आणि जोडणीसाठी मंडळाच्याच संकेतस्थळावर, अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये चालणारे कोणते साधन उपलब्ध आहे.